एकाच पक्षाच्या दोन सभा

लिंगय्या,

काल संध्याकाळी पाच वाजता तुझ्या दोन शोकसभा झाल्या. एक नव्या पेठेत, वकीलसाहेबांच्या गटाची. दुसरी कन्ना चौकात, सूतवाल्या अण्णांच्या गटाची. पक्ष एक, झेंडा एक, वेळ एक, गेलेला माणूसही एकच. फोटोसुद्धा एकच होता. आणीबाणीत निवडणुका जाहीर झाल्या आणि आपण तुरुंगातून सुटून स्टेशनवर उतरलो तेव्हाचा, गळ्यात हार घातलेला. वकिलांनी त्यातून अण्णांना कापलं होतं आणि अण्णांनी वकिलांना. तुझ्या डाव्या हाताला मी उभा होतो. मला मात्र दोघांनीही ठेवलं, कारण दोघांनाही माझं भाषण हवं होतं.

मी दोन्हीकडे गेलो नाही. कुठे होतो ते सांगणारच आहे, पण आधी मला जरा चिडू दे. तू होतास तेव्हा मी धड चिडलोच नाही. चिडायची वेळ आली तेव्हा मी मान खाली घालून लिहीत बसलो होतो.

तू गेलास त्या दिवशीच यांनी सुरुवात केली. तिरडी बांधून होतेय तोच वकिलांची माणसं झेंडा घेऊन आली. तो तुझ्या अंगावर घालणार एवढ्यात अण्णांची माणसं आली, त्यांच्याही हातात तोच झेंडा. आधी कुणी घालायचा यावरून तुझ्या दारात बाचाबाची सुरू झाली. ज्याला पक्षातून दूर केलं त्याच्यावर पक्षाचा झेंडा कोणत्या तोंडाने घालता, हे विचारणारा तिथे कुणी नव्हता. मी होतो, पण माझी जीभ उचलली नाही. शेवटी राजम्मावहिनी आतून आल्या. त्यांनी दोन्ही झेंड्यांच्या घड्या घातल्या आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. म्हणाल्या, ‘बाजूला व्हा. ह्येंच्या आंगावर घालायला घरची चादर हाय.’ तुझ्याच मागावर विणलेली निळ्या काठाची चादर होती ती.

दोन्ही शोकसभांत तुला ‘ज्येष्ठ कार्यकर्ता’ म्हणाले असं कळलं. तू असला काही नव्हतास. तू सभा सांगणारा होतास, कुठली सभा कुठे आणि किती वाजता ते गल्लोगल्ली सांगत फिरणारा, आणि ते काम यांच्यापैकी एकालाही आलं नसतं. दिवसभर पॉवरलूमवर उभं राहायचं, पाळी सुटली की मौलाभाईच्या टांग्यात बसायचं, पायाशी बॅटरी, टपाला बांधलेला भोंगा, हातात माईक. पूर्व भागातल्या गल्ल्यांत घरोघरी मागांचा खडखडाट, त्यात भोंग्याला कोण विचारतो. बाकीच्या पक्षांचे लोक नुसते ओरडत पुढे निघून जायचे. तू गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा करायचास आणि गप्प बसायचास. तुझा टांगा दिसला की एक माग बंद पडायचा, मग शेजारचा, मग समोरचा. चारपाच माग थांबल्याशिवाय तू तोंड उघडत नव्हतास. थांबलेला माग म्हणजे विणकराच्या पोटाला चिमटा, हे तुला कुणी सांगायला नको होतं, म्हणून बोलायचास त्या चारच ओळी. आधी मराठीत, मग तेलुगूत, मग कानडीत, आणि मौलाभाईच्या मोहल्ल्यात शिरलात की दखनीत. शेवटी विचारायचास, ‘ऐकलं का? विन्नारा? केळिदिरा? सुने क्या?’ आतून कुणीतरी ‘व्हय’ म्हणायचं, की टांगा पुढे.

त्या चार ओळींची चिठ्ठी मी लिहून द्यायचो. तुला तेलुगू लिहितावाचता यायचं, मराठीही छापील असलं तर तू अक्षर लावून वाचायचास, पण हाताने लिहिलेलं तुला लागत नसे. मग मधल्या सुट्टीत, तुझी जेवणाची सुट्टी असायची तेव्हा, तू आमच्या शाळेत यायचास, मी ओसरीवर उभा राहून एकदा वाचून दाखवायचो, तू डोळे मिटून ऐकायचास. एकदा ऐकलं की पाठ. तरी चिठ्ठी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचास. मी एकदा चेष्टेने म्हटलं, ‘पाठ झालं ना, मग कागद कशाला नेतोस?’ तू म्हणालास, ‘असू द्या की मास्तर. कागद जवळ असला की खोटं बोलल्यागत वाटत न्हाय.’ मी हसलो होतो.

तुरुंगातल्या त्या वादाचं काय करायचं, लिंगय्या? तो अर्धाच राहिला. चार वेगवेगळ्या पक्षांची माणसं सरकारने एका बराकीत कोंडली होती. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आत एका पंक्तीत जेवत होती. वकीलसाहेब अण्णांना वाढत होते, अण्णा वकीलसाहेबांचं धोतर पिळून वाळत घालत होते. मी अगदी भारावलो होतो. आपण सुटलो की या चारांचा एक पक्ष होणार आणि तो कधी फुटणार नाही, असं मी तुला रोज सांगायचो. तू ऐकून घ्यायचास. एक दिवस म्हणालास, ‘हितं समद्यांचं ताट सारखंच हाय, म्हणून पंगत बसलीया. भाईर गेल्यावर बघू की.’ मी तुझ्यावर उखडलो. तुझा माणसांवर विश्वास नाही म्हणालो, तू बेरकी आहेस म्हणालो. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, आणि पुढचे आठ दिवस तू माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलल्यास. तापातच मला तेलुगू शिकवायला घेतलंस. त्यातलं ‘विन्नारा’ तेवढं मला नीट येतं.

चारांचा एक पक्ष झाला खरा, पण पुढे सगळं तू म्हणालास तसंच झालं, तरी ‘बघा, मी म्हणलो नव्हतो?’ असं तू मला एकदाही म्हणाला नाहीस. म्हणायला हवं होतंस. शाळेच्या ओसरीवर चार माणसांत माझे वाभाडे काढायला हवे होतेस. तुझ्या या चांगुलपणाचाही मला राग येतो.

आपलं सरकार आलं तेव्हाचा तो पहिला आठवडा आठव. निकालाच्या दिवशी तू टांग्यात उभा होतास, माईक तोंडाशी, आणि तुला शब्द सुचत नव्हते. चार भाषा येणारा माणूस नुसता हसत होता आणि ते हसू भोंग्यातून सगळ्या साखर पेठेला ऐकू जात होतं. बायका दारात येऊन हसत होत्या. त्या दिवशी तुला माग थांबायची वाट बघावी लागली नाही, ते आधीच थांबले होते. माझ्या आयुष्यातला राजकारणातला चांगला दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

मग कचेरीत खुर्च्या आल्या. आधी सगळे सतरंजीवर बसायचे. खुर्च्या आठ आणि माणसं चाळीस, तेव्हा कोण बसणार आणि कोण उभं राहणार यावरूनच पहिली कुरबुर झाली. मग कमिट्या आल्या. रेशनची कमिटी, दवाखान्याची कमिटी, शिक्षण मंडळ. कुणाचं नाव वर पाठवायचं, कुणाचं दाबायचं. मुंबईत आपल्यातलेच लोक मंत्री झाले होते, त्यांच्याकडे इथून रोज दोन पत्रं जायची, एक वकिलांचं अण्णांविरुद्ध आणि एक अण्णांचं वकिलांविरुद्ध. पोलीस मागे लागले होते तेव्हा ही माणसं एकमेकांच्या घरात लपली होती, आणि आता एकमेकांच्या दारावरून जाताना थुंकत होती. लोकांनी मतं कशासाठी दिली होती हे विचारायला कुणाला सवड नव्हती. दवाखान्यात औषध नव्हतं, पण दवाखान्याच्या कमिटीचा अध्यक्ष कोण यावर तीन बैठका झाल्या.

आणि मी काय करत होतो? मी शहर चिटणीस झालो होतो. वकीलसाहेबांनी केलं. शिक्षण मंडळावर तुमचंच नाव पाठवतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. शाळांची छपरं गळतात, मुलींच्या शाळेत पाणी नाही, आपण गेलो तर काही करता येईल, असं मी घरी सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण मला ते पद हवं होतं, नावाची पाटी हवी होती, हेही तितकंच खरं होतं आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही.

अशात मंत्री सोलापूरला येणार असं ठरलं. वकिलांनी सभा ठेवली नव्या पेठेत, पाच वाजता. अण्णांनी सभा ठेवली कन्ना चौकात, पाच वाजता. दोघांनीही सांगितलं की मंत्री आपल्याकडे येणार. आणि दोघांनीही चिठ्ठी पाठवली तुझ्याकडे, कारण सभा सांगणारा सगळ्या पक्षात एकच होता. वकिलांची चिठ्ठी मी लिहिलेली. अण्णांची कुणी लिहिली ठाऊक नाही, ती तू मौलाभाईकडून वाचून घेतलीस. दुसरा कुणी असता तर एक चिठ्ठी खिशात घातली असती आणि एक फाडली असती. तू दोन्ही खिशात घातल्यास आणि गल्लीगल्लीत थांबून, माग बंद होऊ देऊन, चारही भाषांत सांगितलंस, ‘आपल्या पक्षाची सभा पाच वाजता नव्या पेठेत हाय, आनि आपल्या पक्षाची सभा पाच वाजता कन्ना चौकात हाय. ज्याला जी जवळ पडंल तितं त्यानं जावं. मंत्री एकच हाय, कुटंबी तेच बोलंल.’

लोक खो खो हसले म्हणे. आणि तू सांगितलंस तसंच केलं. पूर्व भागातल्या विणकराला कन्ना चौक जवळ, म्हणून सगळा पूर्व भाग तिकडे गेला. मंत्री आले नव्या पेठेत. समोर रिकाम्या सतरंज्या, पहिल्या रांगेत आम्ही सात जण आणि वकीलसाहेबांचे दोन पक्षकार. तिकडे कन्ना चौकात माणूस माईना, पण मंत्रीच नाही. म्हणजे दोघेही तोंडावर पडले. अण्णा तुला म्हणाले, भोंग्यावर सांग की ही गर्दी आमच्या गटाची होती. तू म्हणालास, ‘मानसं जवळ पडलं म्हनून आली अण्णा. ते कसं सांगू?’ झालं. वकील तुझ्यावर उखडलेच होते, अण्णाही उखडले. सगळ्या शहरात त्या दोन गटांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

मला अजून कळलेलं नाही, लिंगय्या, तू हे भोळेपणाने केलंस की पुरतं समजून. मी विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. कधी वाटतं तुला खरंच पक्ष एकच दिसत होता. कधी वाटतं, तू टांग्यात बसून आम्हा सगळ्यांना आरसा दाखवलास आणि शेवटी शांतपणे विचारलंस, सुने क्या?

तुला दूर करायचं पत्र वकीलसाहेबांच्या घरी तयार झालं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. ‘पक्षविरोधी कारवाया’ हे शब्द त्यांचे. त्यांना ‘हकालपट्टी’ हवं होतं, मी ‘निलंबित’ घातलं. घरी येताना मला वाटत होतं की मी तुझ्यावर केवढे उपकार केले. पक्षविरोधी म्हणे. ज्याला पक्ष म्हणजे काय ते कळत होतं असा शहरात एकच माणूस होता, त्याला मी पक्षविरोधी लिहिलं. सुंदर, वळणदार अक्षरात. पोरांना कित्ता घालून देतो तशा अक्षरात. खाली सही केली. आणि ते पोस्टाने पाठवलं, कारण हातात द्यायची हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू शाळेत आलास. नेहमीसारखा ओसरीच्या खांबाला टेकलास, खिशातून पाकीट काढलंस आणि म्हणालास, ‘मास्तर, ह्यो कागद आलाय. जरा वाचून दाखवा.’

मी पाकीट घेतलं. तू डोळे मिटलेस, चिठ्ठी ऐकताना मिटायचास तसे. मी वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही, एवढंच काय ते मी केलं. सहीपाशी थांबलो. तू डोळे न उघडता विचारलंस, ‘खाली कुनाचं नाव हाय?’

‘शहर चिटणीस,’ मी म्हणालो.

‘बरं.’ मग विचारलंस, ‘निलंबित म्हंजी?’

‘काही दिवस थांबायचं.’

‘म्हंजी उद्याची सभा कोन सांगनार?’

तू कागद माझ्या हातातून घेतलास, जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातलीस आणि बंडीच्या खिशात ठेवलास. घंटा झाली. ‘जावा, पोरं वाट बघत्यात,’ म्हणालास आणि निघालास. मी वर्गात गेलो आणि शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही, पण शिकवलं.

त्यानंतर तू कधी चिठ्ठी वाचून घ्यायला आला नाहीस. टांगा सोडला नाहीस मात्र. कुणाचं पोर हरवलं, कुठे नळाला पाणी येणार नाही, कुठे लस टोचायला माणसं येणार, हे तू सांगत फिरायचास. माझ्या गल्लीतही यायचास. ‘ऐकलं का?’ म्हणून विचारायचास तेव्हा मी खिडकीच्या आत उभा असायचो. बाहेर येऊन ‘हो’ म्हणणं काय अवघड होतं? तेवढंही मी केलं नाही. ज्या पदासाठी हे केलं ते मला मिळालंच नाही, अण्णांनी वर तक्रार केली आणि नाव कापलं गेलं. हसू नकोस. हसलास तरी चालेल.

आता दिल्लीतलं सरकार पडलं आहे. मुंबईतल्याचं काही खरं नाही. लोकांनी एवढ्या विश्वासाने हातात दिलेलं यांनी दोन वर्षांत वाटून खाल्लं आणि आता रिकाम्या भांड्यासाठी भांडताहेत. चिटणीसपद मी तू आजारी पडलास तेव्हा सोडलं. उशिरा सोडलं. तुला येऊन सांगायचं होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो, आणि एका सकाळी मौलाभाईच दारात येऊन उभे राहिले. ‘मास्तर, अपना लिंगय्या गया,’ म्हणाले आणि पायरीवर बसले.

परवा तुझा दहावा झाला. सगळे गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं. फडताळातून सुताच्या दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा आणला. ‘ह्ये तुमचं हाय,’ म्हणाल्या. मी सोडून बघितला. माझ्या चिठ्ठ्या होत्या. वर्षानुवर्षांच्या सगळ्या, सभेसभेच्या, काही घामाने पिवळ्या पडलेल्या. एकावर एक नीट लावलेल्या. आणि सगळ्यांत वर ते पत्र.

अण्णांची चिठ्ठी त्यात नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हातचा एकही कागद त्यात नव्हता. तुला हाताने लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण अक्षर कुणाचं ते तुला चांगलं ओळखता येत होतं. ओसरीवर पाकीट खिशातून काढलंस तेव्हाच तुला ठाऊक होतं. तरी तू ते माझ्याकडूनच वाचून घेतलंस. मी काय सांगतो ते बघायला? की मला सांगायची एक संधी द्यायला? मी ‘शहर चिटणीस’ म्हणालो, लिंगय्या. स्वतःचं नाव घ्यायला मला जमलं नाही.

म्हणून काल पाच वाजता, तिकडे दोन चौकांत दोन गट तुझ्या नावाने गळा काढत होते तेव्हा, मी मौलाभाईच्या टांग्यात होतो. तो गठ्ठा खिशात मावेना, म्हणून मांडीवर घेतला होता. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मौलाभाईंनी टांगा उभा केला. तू थांबायचास तसा मी थांबलो. एकही माग थांबला नाही. कशाला थांबेल? मी माईक तोंडाशी धरला आणि खडखडाटातच सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पुढच्या दारात एक म्हातारी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, ‘कुनाची सभा हाय?’

‘सभा नाही, आजी.’

‘मग काय सांगताय?’

टांग्यातून उतरून मी तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं. लिंगय्याला पक्षातून दूर केल्याचं पत्र मी लिहिलं होतं. तो माझ्याकडेच वाचून घ्यायला आला, तेव्हा मी माझं नाव लपवलं.

तिने हातातली कांडी खाली ठेवली. ‘त्येला ठावं होतं?’

‘होतं.’

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. आतला माग बंद पडला. मग तिने भिंतीवर थाप मारली आणि तेलुगूत काहीतरी ओरडली, शेजारचा बंद पडला. मग समोरचा. ती पुन्हा दारात येऊन बसली. ‘आता सांगा,’ म्हणाली. ‘पयल्यापासनं. समद्यांला ऐकू जाऊ द्या.’

मी टांग्यात चढलो आणि पहिल्यापासून सांगितलं. मराठीत सांगितलं, मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं, माझं नाव सांगितलं. शेवटी तुझ्यासारखंच विचारलं, ऐकलं का, विन्नारा. ‘व्हय’ कुणी म्हणालं नाही. पण माग बराच वेळ बंदच होते.